कोरा कागद नको, ठिपके द्या

परीक्षांचे वेळापत्रक लागले की दवाखान्यात अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींची वर्दळ वाढते. छातीत धडधड, तळहातांना घाम, पोटात गोळा, रात्री दोनपर्यंत टक्क जाग. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडच्या तपासण्या निर्दोष आल्या की पालक म्हणतात, ‘‘म्हणजे काही नाही ना?’’ काही नाही कसे? चिंतेमुळे ॲड्रिनलिन स्रवते आणि हृदय खरोखरच वेगाने धावू लागते.

अशा विद्यार्थ्यांना इतर उपायांच्या जोडीने मी चित्र रंगवण्यास सुचवतो. मात्र काय रंगवायचे, याला महत्त्व आहे. करी आणि कॅसर या अमेरिकी संशोधकांनी २००५ साली ८४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी भीतिदायक अनुभव लिहायला लावून त्यांची चिंता जागवली. मग काहींना मंडलाकृती, काहींना चौकटींची नक्षी आणि काहींना नुसता कोरा कागद रंगवायला दिला. नक्षी रंगवणाऱ्या दोन्ही गटांची चिंता उतरली; कोऱ्या कागदाने तो परिणाम साधला नाही. मला यात नवल वाटत नाही. धास्तावलेल्या मनाला कोरा कागद ही आणखी एक प्रश्नपत्रिकाच वाटत असावी.

आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत हीच सोय आहे. ठिपके ठरलेले, रेषेची वळणे ठरलेली. तरी लक्ष ढळले की नक्षी बिघडते. हात गुंततो, आणि ‘नापास झालो तर?’ या विचाराला जागा उरत नाही. चित्रकला यायलाच हवी असे नाही. ड्रेक्सेल विद्यापीठातील २०१६ च्या अभ्यासात ४५ मिनिटांच्या कलानिर्मितीनंतर ३९ प्रौढांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल घटले. पूर्वानुभवाने त्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी वीस मिनिटे पुरेत. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पालकांनी ‘‘हे काय काढलेस?’’ असे विचारू नये आणि कृपा करून त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या गटावर टाकू नये. तसे केले की तीही परीक्षाच होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप वा भूक हरवली, मूल महाविद्यालयात जाणे टाळू लागले, तर रंगांवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे झाल्याचे शब्द कानी आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.