मत्स्यपिल्लांचे सोबती : मैत्री जातीची नव्हे, मापाची

परसातील शोभिवंत मत्स्यपालनाकडे ग्रामीण भागात पूरक व्यवसाय म्हणून पाहिले जाऊ लागले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा लहान संगोपन केंद्रांसाठी सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींस ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद झाली. अनुदान, टाकीचे माप, हवेचा पंप आणि खाद्य यांविषयी आपण मार्गदर्शन करतो. परंतु नवजात पिल्लांसोबत त्या टाकीत कोण राहणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लहान टाकीतील नफा-तोटा बव्हंशी याच प्रश्नावर ठरतो, असे माझे मत आहे.

सर्वांच्या परिचयाचा गप्पी मासा घ्या. त्याची मादी अंडी न घालता साधारण चार आठवड्यांच्या अंतराने जिवंत पिल्लांना जन्म देते. एका वेळी वीस ते पन्नास पिल्ले सहज होतात. प्रत्येकाची लांबी जेमतेम सहा ते आठ मिलिमीटर. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य विभाग हा मासा साचलेल्या पाण्यात सोडतो. अळी गिळणारे हेच तोंड स्वतःचे पिल्लूही गिळते, कारण माशाच्या लेखी दोन्ही भक्ष्ये सारख्याच मापाची. म्हणून सोबती निवडण्याचा पहिला निकष एकच : ज्याच्या तोंडात पिल्लू मावते, तो त्याचा सोबती नव्हे. एंजल, गुरामी, टायगर बार्ब, गोल्डफिश हे सारे या कसोटीवर बाद होतात. विक्रेता त्यांना कितीही ‘शांत’ म्हणो.

दुसरा निकष तापमानाचा. गप्पीच्या पिल्लांना २४ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवते, तर गोल्डफिशला त्याहून थंड पाणी रुचते. कोकणात हा भेद फारसा जाणवत नाही. पण चंदीगडजवळच्या एयरोसिटीसारख्या ठिकाणी, जेथे जानेवारीत रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, तेथे पाणी तापवणारे उपकरण नसेल तर पिल्ले तगत नाहीत आणि असेल तर गोल्डफिश सुखी राहत नाही.

मग सोबती कोण? पहिले तीन-चार आठवडे समवयस्क पिल्ले, दाट पाणवनस्पती आणि उरलेले खाद्य फस्त करणाऱ्या दोन-चार लहान गोगलगायी, एवढेच पुरे. चेरी कोळंबीही चालते. पिल्ले सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची झाली की तळाशी वावरणारे कोरीडोरास अथवा शेवाळ खाणारे छोटे मासे सोडता येतात. तेव्हाही एकदम गर्दी करू नये. लहान टाकीत विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया भक्षकाइतकाच घातक असतो.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून मला अधिक चिंता वाटते ती न बोलावता येणाऱ्या सोबत्यांची. ओढ्यातून आणलेल्या हायड्रिलाबरोबर चतुर व टाचणी यांची अंडी किंवा पिल्ले टाकीत येतात. चतुराचे पिल्लू घडीचा खालचा ओठ क्षणार्धात पुढे फेकून भक्ष्य पकडते. भातखाचरात ज्याला आपण शेतकऱ्याचा मित्र म्हणतो, तोच कीटक येथे वैरी ठरतो. उताणे पोहणारे पाणढेकूण आणि पाणभुंगेऱ्यांच्या अळ्या यांचेही तेच.

कार्प संवर्धकांना हे नवे नाही. संगोपन तळ्यात मत्स्यजिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण यांचे मिश्रण पसरण्याची जुनी शिफारस आहे. तेलाच्या तवंगामुळे पृष्ठभागावर येऊन श्वास घेणारे कीटक गुदमरतात. चतुराची पिल्ले मात्र शरीरातील कल्ल्यांनी पाण्यातच श्वसन करत असल्याने बचावतात. तळ्यातील हा उपाय घरच्या टाकीत करू नये. तेथे वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून तपासाव्यात, उघड्या टाकीवर मच्छरदाणीचे कापड ताणावे आणि दिसलेला कीटक जाळीने काढावा. कीटकनाशक कदापि वापरू नये. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड रसायने माशांना अत्यल्प मात्रेतही मारक असतात.

एक मर्यादा विक्रीच्या पलीकडची आहे. वाढलेली पिल्ले विहिरीत वा ओढ्यात सोडून देणे हे पुण्यकर्म नव्हे. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याचाच भाऊबंद गॅम्बुसिया जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. आपल्या ओढ्यांतील देशी माशांच्या पिल्लांसाठी हे पाहुणे कुसोबतीच ठरतात.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना विनंती आहे की प्रशिक्षणात माशांच्या जातींची यादी पाठ करवून घेऊ नये. तोंडाचे माप, पाण्याचे तापमान, टाकीतील गर्दी आणि वनस्पतींबरोबर येणारे कीटक, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. मित्रकीटक आणि शत्रुकीटक हा भेद आपण शेतकऱ्याला शेतात शिकवला. तो भेद स्थळ, वय आणि मापानुसार बदलतो, हे आता टाकीच्या काठावर शिकवायचे आहे. शेवटी अनुदानातून टाकी उभी राहील. उत्पन्न मात्र तिच्यात जगलेल्या पिल्लांतूनच येणार आहे.