मार्केटिंग शिकलेली आपली मुले कोणाचा माल विकणार?

बारावीचे आणि बी.कॉम.चे निकाल लागले, की गट ऑफिसात ऊसनोंदीला आलेल्या सभासदांच्या तोंडी हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो. पूर्वी "डी.एड.ला नंबर लागला का?" किंवा "पोराला आय.टी.आय.ला घातलं" असे बोलणे चालायचे. आता "थोरला मुंबईला मार्केटिंग करतोय" असे सांगतात. मार्केटिंग म्हणजे नेमके काय करतोय असे पुढे विचारले, तर निम्मे गप्प बसतात आणि निम्मे म्हणतात, "काय न्हाय, टाय लावून साबण विकायचा."

दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. या शिक्षणावर सभासदांचा पैसा जातो. उसाच्या बिलातून जातो, नाही पुरला तर कर्जातून जातो. तेव्हा हे शिक्षण काय आहे, त्यातून कोणती नोकरी लागते आणि आपल्या कारखान्याचा त्याच्याशी काय संबंध, याविषयी लिहिणे अवश्य वाटले.

मार्केटिंग म्हणजे नुसती विक्री नव्हे. माल तयार झाल्यावर तो खपवणे ही विक्री. गिऱ्हाइकाला काय हवे ते आधी हुडकून त्याप्रमाणे माल करणे, हे मार्केटिंग. १९६० साली मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने या विषयाची चार अंगे सांगितली : वस्तू, किंमत, मिळण्याचे ठिकाण आणि प्रसिद्धी. इंग्रजीत हे चारही शब्द 'पी'पासून सुरू होतात, म्हणून मुले 'फोर पी' असे घोकतात. घोकू द्यावे. ही चार अंगे आपल्या साखरेला लावून पाहिली की काय दिसते, ते पुढे सांगतो.

मुंबईत हे शिक्षण जुने आहे. सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय १९१३ चे, माटुंग्याचे पोदार १९४१ चे, परळचे महर्षी दयानंद १९६२ चे. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने १९६५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला काढली. दादरला लागून माटुंग्याला वेलिंगकर संस्था १९७७ साली निघाली. बारावीनंतरचा बी.एम.एस. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठाने १९९९ च्या सुमारास सुरू केला, आणि तिथून गावोगावची मुले या वाटेला लागली. २०२४ पासून बी.एम.एस., बी.बी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना सी.ई.टी. लागू झाली. मुलाने सी.ई.टी. दिली का आणि कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का, ही दोन गोष्टींची चौकशी फी भरण्याआधी बापाने स्वतः करावी. रंगीत माहितीपत्रकावर जाऊ नये. ते छापणे हेही मार्केटिंगच आहे!

कॉलेजे निघण्याआधी हा धंदा मुंबईत कोणी शिकवला, असे विचाराल तर गिरगावचे नाव घ्यावे लागेल. विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी १९१० साली गिरगावात किराणा दुकान काढले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मसाले व लोणची आणली. चाळीतल्या दोन खोल्यांत मिरच्या वाळवायला आणि कैऱ्या मुरवायला जागा कुठली? गिऱ्हाइकाची ही अडचण ज्याने ओळखली, त्याचा माल चालला. परळला १९५२ साली केशव विष्णु पेंढरकरांनी 'विको' काढली. दंतमंजनाची पुडी घेऊन ही मंडळी दारोदार हिंडली. त्याच विकोने १९८४ साली दूरदर्शनवरची 'ये जो है जिंदगी' ही मालिका प्रायोजित केली. जुन्या सभासदांना मालिकेइतकीच तिच्या आधीची जाहिरात आठवत असेल. दार वाजवण्यापासून पडद्यापर्यंत हा माल बत्तीस वर्षांत गेला.

आणि लालबागचे तर काय सांगावे! लालबागच्या राजाला आज राज्यभरातून माणूस जातो, पण तो पहिला नवस कशाचा होता हे थोड्यांना ठाऊक असते. १९३२ साली पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला, कोळणी आणि भाजीवाले रस्त्यावर आले. त्यांनी हक्काच्या बाजारपेठेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. माल होता, गिऱ्हाईक होते, बसायला जागा नव्हती. मॅकार्थीचे तिसरे अंग ते हेच.

आता नोकरीकडे वळू. मार्केटिंग शिकलेल्या बहुतेक मुलांची सुरुवात विक्री प्रतिनिधी म्हणूनच होते. बॅग घेऊन परळपासून गिरगावापर्यंत दुकाने हिंडायची, ऑर्डर घ्यायची, उधारी वसूल करायची, महिन्याचे टार्गेट गाठायचे. यात कमीपणा नाही. दोन-चार वर्षे पाय झिजवल्याशिवाय बाजार कळत नाही. पुढे विभागाचा अधिकारी, मग एखाद्या मालाचा सगळा कारभार पाहणारा ब्रँड मॅनेजर. शिवाय जाहिरात कंपन्या आहेत, लोकांची आवड-निवड तपासणाऱ्या पाहणी संस्था आहेत, मोठ्या दुकानांची खरेदी खाती आहेत आणि आता मोबाईलवरच्या जाहिरातींचे काम आहे. मुलींना या सगळ्यात चांगली संधी आहे. सभासदांनी मुलीला मुंबईला पाठवताना हात आखडू नये.

फसगत होते ती निराळ्या जागी. 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' असे भारदस्त नाव देऊन पुष्कळ ठिकाणी निव्वळ कमिशनवर विमा नाहीतर कर्जे विकायला लावतात. तेव्हा "कॉलेजातून शंभर टक्के नोकरी" असे कोणी सांगितले, तर कंपनी कोणती, हुद्दा कोणता आणि पगार बांधलेला की कमिशनचा, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर गुळमुळीत आले तर उठून यावे.

परळ-लालबागला आपल्यापैकी कितीकांचे चुलते, मामा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरण्या एकामागून एक मिटल्या. आज फिनिक्स मिलच्या आवारात बाजारसंकुल आहे आणि कमला मिलच्या आवारात कंपन्यांची ऑफिसे आहेत. ज्या फाटकातून चुलता पाळीला जायचा, तसल्याच फाटकातून पुतण्या संगणकावर जाहिरातीचे काम करायला जातो. पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. दादर-नायगावची स्प्रिंग मिल ही १८७९ साली सुरू झालेल्या बॉम्बे डाइंग कंपनीची. ती बंद झाली, चाती गेली, माग गेले, माणसे देशोधडीला लागली. 'बॉम्बे डाइंग' हे नाव मात्र राहिले. त्या नावाच्या चादरी आजही दुकानात मिळतात. यंत्रे मोडीत निघाली तरी नाव विकते, आणि कामगाराकडे त्या नावाची मालकी नव्हती.

सहकारात ही मालकी आपली राहू शकते, याचा दाखला आणंदचा आहे. खेड्याच्या दूध संघाची १९४६ साली नोंदणी झाली ती मुळात मुंबईला दूध पुरवण्यासाठी. १९६६ पासून 'अमूल'ची ती ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी मुंबईच्या फलकांवर झळकू लागली. नाव शेतकऱ्यांच्या संघाचे, जाहिरात करणारे मुंबईचे. एवढ्यावर न थांबता सहकारी संस्थांना असली शिकलेली माणसे मिळावीत म्हणून १९७९ साली आणंदला 'इर्मा' ही संस्था काढली. आपल्याकडे साखर कारखान्यांनी इंजिनिअरिंगची, मेडिकलची कॉलेजे काढली. त्याचा अभिमान आहेच. परंतु शिकून आलेल्या मार्केटिंगवाल्याला बसायला खुर्ची किती कारखान्यांत आहे? विक्री विभाग म्हणजे निविदा काढणे, त्या उघडणे, व्यापाऱ्याचे पैसे जमा झाले की पोती सोडणे.

आता ती चार अंगे घ्या. वस्तू : एस-३० किंवा एम-३०, पन्नास किलोचे पोते. किंमत : २०१९ साली केंद्राने किमान विक्री दर किलोला ३१ रुपये केला, त्यावर बाजार देईल तो भाव. ठिकाण : व्यापारी नेईल ते. प्रसिद्धी : काही नाही. चार अंगांपैकी आपल्या हाती पुरते एकही नाही. त्यात किती साखर विकायची याचा कोटाही सरकार ठरवते.

यावर कोणी म्हणेल, साखर ती साखर, तिला नाव देऊन का गोडी वाढणार आहे? म्हणणे अगदीच खोटे नाही. पुड्या बांधायला खर्च येतो, दुकानदाराला कमिशन द्यावे लागते, कोटा तर चुकत नाहीच. नावाने उसाचा दर दुप्पट होईल असे कोणी सांगू लागला तर त्यालाही वर लिहिलेले तीन प्रश्न विचारावेत. पण बेळगाव भागातून सुरू झालेल्या रेणुका शुगर्सची साखर 'मधुर' या नावाने पाकिटातून विकली जातेच ना? आणि सगळी साखर पाकिटात भरा असे कोण म्हणतो? गुळाची पावडर आहे, हलवाई आणि चहावाल्याला सोयीची मधली पिशवी आहे. २०२० च्या साथीत कित्येक कारखान्यांनी घाईने सॅनिटायझर केले. त्यांतल्या किती बाटल्या आज दादरच्या औषधाच्या दुकानात दिसतात, ते ज्याने त्याने मुंबईला गेल्यावर पाहावे.

शिवाय मुंबईत आपले भाऊबंद आहेत. नायगावला १९४८ साली कामगारांचे सहकारी ग्राहक भांडार निघाले, तेच पुढचे 'अपना बाजार'. १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करून सभासद संघांना वाटते. इकडे उत्पादकांचा सहकार, तिकडे ग्राहकांचा सहकार. मध्ये किती हात आहेत आणि प्रत्येक हाताला किती चिकटते, हे मोजण्यासारखे आहे.

मोजायला माणूस हवा, तो आपल्या घरात आहे. एम.बी.ए., एम.एम.एस.च्या मुलांना पहिले वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात दोनेक महिने कुठल्यातरी संस्थेत प्रकल्प करावा लागतो. आज ती साबणाच्या, नाहीतर मोबाईलच्या कंपन्यांचे दार ठोठावतात. संचालक मंडळाने दर उन्हाळ्यात सभासदांच्या दोन मुलामुलींना कारखान्याचा प्रकल्प द्यावा, भाडे आणि जेवणापुरते विद्यावेतन द्यावे. काम असे : लालबागच्या चिवडा गल्लीतला दुकानदार, गिरगावचा मिठाईवाला आणि दादरचा किराणेवाला साखर कोणाकडून घेतो, कोणत्या दाण्याची घेतो, उधारी किती दिवसांची, पोते फोडल्यावर घट किती धरतो आणि गुळाची पावडर ठेवायला सांगितली तर काय म्हणतो. अशा दोनशे दुकानांची वही तयार झाली, तर पुढे खुर्ची ठेवायची की नाही हे मंडळाला आकड्यांवरून ठरवता येईल.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. हा विषय आयत्या वेळी उपस्थित केला तर शेवटी, लोक उठू लागल्यावर निघतो. ज्या सभासदांना तो पटतो, त्यांनी सूचना आधीच लेखी द्यावी आणि घरात असे शिकणारे मूल असेल तर त्याचे नाव, कॉलेज आणि वर्ष खाली लिहावे.