दहा अक्षरांचा जुलूम

रात्री दोन वाजता मुंबईतल्या असल्फ्याच्या डोंगरावर, चाळीतल्या वरच्या खोलीत आजीच्या छातीत कळ आली आणि नातवाने १०८ला फोन लावला, तर त्याने पत्ता काय सांगायचा? ‘...सी, टी, पी...’? फोनवर सी, टी आणि पी एकसारखेच ऐकू येतात. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोला हाताशी धरून मे २०२५मध्ये आणलेल्या डिजिपिन या दहा अक्षरी पत्ता-कोडच्या सोळा चिन्हांत हे तिन्ही बसले आहेत. डोळे फसू नयेत म्हणूनच बहुधा शून्य आणि एक वगळले. कानांचा विचार कोणी करायचा?

देशभर आखलेल्या चार मीटरच्या चौकटी आणि प्रत्येकीला एक कोड: हा नकाशा यंत्राच्या पोटात खुशाल असू द्या, त्याला आमची हरकत नाही. तो नागरिकाच्या तोंडी कोंबाल, तर आम्ही आडवे येऊ. वीस मीटर लांब-रुंद इमारतीच्या वाट्याला पंचवीसेक कोड, आणि त्यातल्या एकेका कोडवर मुलुंडच्या टॉवरचे तीस मजले एकावर एक! मजला या दहा अक्षरांत मावतच नाही. मोकळ्या मैदानातही मोबाइल पाचेक मीटर चुकतो; दोन टॉवरांच्या फटीत त्याचे काय होते, ते डिलिव्हरीवाल्या पोरांना विचारा. साधनाला न पेलणारी चार मीटरची अचूकता ही शुद्ध फसवणूक आहे!

आणि हे कोणत्या देशात? टपाल खात्यातल्याच, केळशीच्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ रोजी अख्खा देश सहा अंकांच्या पिन कोडात बांधून दिला, त्या देशात! पहिले तीन अंक छाननी जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटपाच्या टपाल कचेरीपर्यंत. मुंबईकराच्या जिभेवरचा जुना क्रमांक मोडला नाही. त्याच्याआधी ‘४००’ आणि लागतील तेवढी शून्ये लावली. म्हणून अंधेरी पूर्व आजही ‘मुंबई ६९’ आहे, आणि मुलुंड पश्चिमेचा म्हातारा डोळे मिटून ‘८०’ सांगतो. संस्कृतात कविता करणाऱ्या त्या अधिकाऱ्याला माणसाच्या लक्षात काय राहते, हे ठाऊक होते.

आयर्लंडने २०१५ साली सात अक्षरांत फ्लॅटलासुद्धा स्वतःचा कोड दिला. आमच्याकडे सिटी सर्व्हे नंबर, मालमत्ता कराचा खाते क्रमांक, वीज ग्राहक क्रमांक, वॉर्डाचे अक्षर, आणि एकाला दुसऱ्याची ओळख नाही! त्यात आता हे आणखी एक ओझे. सरकार म्हणते, हा कोड पत्त्याच्या जोडीला आहे, जागी नाही. ऐच्छिक रकाने सक्तीचे कसे होतात, हे आधारने आम्हाला शिकवले आहे.

आमची मागणी सरळ आहे. पिनला हात लावू नका. त्यापुढे इमारतीचा किंवा चाळीचा एकच क्रमांक, मग मजला, मग खोली; सगळे अंकच, आणि सगळ्या खात्यांना तोच. मसुदा झाला की दिल्लीहून इथे या आणि असल्फ्याच्या पायऱ्यांवर पोस्टमनला तो एकदा वाचून दाखवा. त्याला दुसऱ्यांदा विचारावे लागले, तर मसुदा तिथेच फाडून टाका.