शैवाल किनाऱ्यावर, त्रास घराघरांत

कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर २०११ पासून जवळजवळ दरवर्षी ‘सरगॅसम’ या तपकिरी समुद्रशैवालाचे ढीग येऊन पडत आहेत. खुल्या समुद्रात हेच शैवाल माशांना आणि कासवांच्या पिलांना आसरा देते. किनाऱ्यावर मात्र साधारण ४८ तासांत ते कुजू लागते आणि हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया हे वायू बाहेर पडतात. डोळे चुरचुरणे, डोकेदुखी, मळमळ, खोकला सुरू होतो, दमा बळावतो. २०१८ च्या पहिल्या आठ महिन्यांत मार्टिनिक आणि ग्वादलुप या दोन बेटांवर अशा ११ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. सडक्या अंड्यांसारखा वास काही वेळाने जाणवेनासा होतो, कारण नाक बधिरते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे नव्हे.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहांच्या आधारे दरमहा शैवालाचा अंदाज प्रसिद्ध करते. पण ढगांखाली आणि किनाऱ्यालगत उपग्रहाची नजर तोकडी पडते. शैवाल नेमके कोणत्या गावाला लागणार, हे आधी मच्छीमारांना दिसते. त्यांनी मोबाइलवर टिपलेली छायाचित्रे या अंदाजाला जोडली, तर समुद्रात तरंगते अडसर लावायला आणि शैवाल कुजण्याआधी उचलायला वेळ मिळतो.

उचलणाऱ्यांना हातमोजे, बूट आणि वायुमापक हवेत. शैवालात आर्सेनिक असते. तपासणीविना त्याचे खत किंवा चारा करू नये. आणि इशारा हॉटेलांइतकाच दवाखान्यांनाही वेळेवर मिळायला हवा. तरच दमेकरी, लहान मुले आणि गरोदर स्त्रियांना किनाऱ्यापासून आधीच दूर ठेवता येईल.