गुप्त उष्णता

सदाशिव पेठेंतील एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, उघड्या पातेल्यांत भाताला उकळी फुटल्यावर जाळ मोठा ठेवला तर तो लवकर शिजतो काय? थोरल्या जाऊबाईंचें मत 'शिजतो' असें आहे. सासूबाई मात्र येतां-जातां गॅस बारीक करून जातात. निकाल आम्ही आधींच देऊन टाकतों: सासूबाईंचें म्हणणें बरोबर आहे. त्याचें कारण मात्र त्यांनींही ऐकून घेण्याजोगें आहे.

पाणी म्हणजे अतिसूक्ष्म रेणूंचा समुदाय. बर्फांत हे रेणू आपापल्या जागीं जखडलेले असतात आणि तेथल्या तेथें थरथरतात. पाण्यांत ते परस्परांस धरून पण घसरत राहतात. वाफेंत ते सर्व पाश तोडून स्वैर धांवतात. उष्णता दिली म्हणजे रेणूंची चळवळ वाढते, व थर्मामीटर तिचेंच माप दाखवितो. परंतु उकळी फुटली कीं पारा एका जागीं थबकतो. खालून जाळ तर चालूच असतो, मग ती उष्णता जाते कोठें? ती रेणूंची एकमेकांवरील पकड सोडविण्यांत खर्च होते. ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनीं १७६२ च्या सुमारास ही गोष्ट प्रयोगांनीं दाखवून दिली. पाऱ्यास जिचा पत्ता लागत नाहीं, तिला 'गुप्त उष्णता' हें नांव शोभून दिसतें.

तिचें प्रमाण पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. तें पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत नेण्यास १००. आणि त्याचीच वाफ करण्यास तब्बल ५४०! (आहाराच्या कोष्टकांत जिला कॅलरी म्हणतात ती हिच्या हजारपट मोठी असते, हें ध्यानांत असावें.)

पुणें समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळें येथील हवेचा दाब मुंबईहून कमी. म्हणून येथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. महाबळेश्वरीं तर ९५-९६ अंशच पुरतात. तेव्हां पुण्याच्या उघड्या पातेल्यांतील भात शिजावयाचा तो ९८ अंशांवरच, मग जाळ केवढाही असो. मोठ्या जाळानें वाढते ती नुसती वाफ; सिलिंडर लवकर संपतो, आणि पाणी आटून भात करपतो तो निराळाच. कुकरची गोष्ट वेगळी. त्यांत वाफ कोंडल्यानें दाब चढतो आणि पाणी १२० अंशांच्या सुमारास उकळतें. शिटी झाल्यावर मात्र तेथेंही जाळ कमी करणेंच रास्त.

हीच उष्णता उन्हाळ्यांत आपल्या उपयोगीं पडते. पुण्यांत ३० एप्रिल १८९७ रोजीं पारा ४३.३ अंशांवर गेल्याची नोंद आहे. (शिवाजीनगरांतील 'शिमला ऑफिस' हें नांव, हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं शिमल्याहून येथें आलें, त्यावरून पडलेलें.) अशा दिवसांत माठांतील पाणी गार कसें राहतें? मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, त्यांतील अधिक वेगवान रेणू हवेंत निसटतात, आणि जातांना मागे उरलेल्यांची उष्णता घेऊन जातात. एक लिटर पाण्यांतून केवळ दहा ग्रॅम उडून गेलें आणि बाहेरची उष्णता आंत शिरली नाहीं, तर उरलेलें पाणी पांच-सहा अंशांनीं निवेल. हवा कोरडी असेल तितका माठ चांगला. म्हणून पुण्यांतील एप्रिलचा माठ रत्नागिरीस तितकी करामत दाखवीत नाहीं. बाजारांत रंगरोगण चढविलेले माठ मिळतात. ते दिवाणखान्यांत ठेवावे, पाण्यासाठीं घेऊं नयेत.

साजूक तूप मात्र कोणत्याही एका अंशावर थबकत नाहीं. तें अनेक स्निग्धांशांचें मिश्रण, आणि ज्याचा त्याचा वितळण्याचा अंश निराळा. म्हणून थंडीच्या दिवसांत बरणींत कांहीं रवा व कांहीं पातळ असें दृश्य दिसतें. कढवून सावकाश निवूं दिल्यास रेणूंस रचून बसण्यास अवकाश मिळतो व रवा मोठा पडतो.

आतां एक गोष्ट विशेष कळकळीनें सांगावयाची आहे. उकळतें एक ग्रॅम पाणी अंगाच्या उष्णतेपर्यंत निवतांना सुमारे ६० कॅलरी देतें. तितकीच वाफ कातडीवर पडून तिचें पाणी झालें, तर ती आपली सारी गुप्त उष्णताही तेथेंच ओतते. म्हणजे सुमारे ६०० कॅलरी! गणेशचतुर्थीस मोदकपात्राभोंवतीं घरांतील सगळीं मुलें गोळा होतात, तेव्हां हा हिशेब आठवावा. झांकण उघडतांना त्याची पलीकडची कड आधीं उचलावी, म्हणजे वाफ तोंडावर न येतां पलीकडे निघून जाते. आणि त्या बाजूस मूल उभें नाहीं, हें आधीं पाहावें. कुकर तर दाब पूर्ण उतरल्याखेरीज उघडूंच नये. इतकें करूनही चटका बसला, तर बांगड्या-अंगठ्या लगेच उतरवून तो भाग नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावा. बर्फ लावूं नये, हळद वा टूथपेस्टही नको. नंतर स्वच्छ फडकें सैल झांकावें. आणि भाजलेला भाग मोठा असेल, किंवा तोंडास वा लहान मुलास भाजलें असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.