गावाची माहिती गावाच्या हाती

शाळकरी मुले दारू-सिगारेटच्या नादी लागली की आपण आधी मुलांना बोल लावतो, मग आई-बापांना. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील समाजकार्याचे प्राध्यापक राहिलेले डेव्हिड हॉकिन्स यांनी मात्र सगळी कारकीर्द तिसरा प्रश्न विचारण्यात घालवली: त्या मुलांचे गाव काय करत होते? तरुणपणी ते परिवीक्षा अधिकारी होते. मूल न्यायालयाच्या दारात उभे राहिल्यावर सुरू होणारे ते काम. त्याच्या कितीतरी आधी हात घालायला हवा, या ध्यासातून त्यांनी १९७९ मध्ये रिचर्ड कॅटालानो यांच्यासह संशोधन गट उभारला. सिएटलच्या प्राथमिक शाळांतून १९८१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासातली ८०८ मुले पुढे प्रौढ होईपर्यंत संशोधकांच्या संपर्कात राहिली. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पांतून असे ज्ञान हाती येणे शक्य नाही.

पण त्यांचे मोठेपण मला दिसते ते ‘कम्युनिटीज दॅट केअर’ या पद्धतीत. सहावी, आठवी, दहावी आणि बारावीची मुले नाव न लिहिता प्रश्नावली भरतात. व्यसनाबरोबरच घरातली भांडणे, शाळेतले कौतुक, वस्तीत दारू किती सहज मिळते, हेही त्यांना विचारले जाते. उत्तरे विद्यापीठाच्या कपाटात जात नाहीत, गावाच्या मंडळापुढे येतात. पोलीस प्रमुख, शाळेचे अधिकारी, पालक, आरोग्य कर्मचारी एकत्र बसून आपल्या गावातली सर्वांत घातक कारणे निवडतात आणि त्यावर आधी कसोटीला उतरलेले उपक्रमच राबवतात. काही वर्षांनी पुन्हा तीच प्रश्नावली भरली जाते. संशोधन लोकांमध्ये जाऊन केले, असे म्हणणारे पुष्कळ. निर्णय लोकांवर सोपवणारे थोडे.

लोकांवरचा हा विश्वासही त्यांनी तपासून घेतला. २००३ मध्ये सात राज्यांतील २४ लहान शहरांच्या जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतल्या एका शहरात ही पद्धत आणली. पाचवीतली ४,४०७ मुले अभ्यासात होती. ती आठवीत पोहोचली तेव्हा पद्धत आणलेल्या शहरांत जोडीतल्या दुसऱ्या शहरांपेक्षा दारू आणि सिगारेटची सुरुवात करणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने, तर गुन्ह्यांकडे वळणाऱ्यांचे सुमारे पाव हिश्शाने कमी होते.

बारावीपर्यंत चित्र थोडे बदलले. व्यसनाला कधीच हात न लावलेली मुले या शहरांत अजूनही जास्त होती. त्या वेळी व्यसन करत असलेल्यांच्या प्रमाणात मात्र दोन्हीकडे फरक उरला नव्हता. हॉकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दोन्ही निष्कर्ष एकाच लेखात छापले. निधी देणाऱ्यांना खूश ठेवायचे तर दुसरा निष्कर्ष झाकणे सोपे होते. तो त्यांनी झाकला नाही, म्हणून पहिल्यावर मी विश्वास ठेवतो.