गोळी चालू, मग चालणे का बंद?



कारखान्याच्या मुखपत्रात उसाची लागण, खोडव्याची निगा, साखर उतारा आणि पहिली उचल यांवर लिहावे, रोगराईवर कशाला, असे काही जण म्हणतील. त्यातून विषय एचआयव्हीचा! नाव काढले की माणसे इकडेतिकडे बघू लागतात. पण सभासदाचा ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण जेवढी धावपळ करतो, त्याच्या निम्मी तरी सभासदाच्या जिवासाठी करायला नको काय? म्हणून हा विषय मुद्दाम काढला आहे.

मागच्या हंगामात गट कार्यालयात एक सभासद तोडीची चौकशी करायला आले होते. त्यांचे नाव-गाव आम्ही सांगणार नाही. काम झाल्यावर ते बसून राहिले आणि हळूच बोलू लागले. पंधरा-सोळा वर्षे त्यांच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. एकही दिवस चुकवलेला नाही, रिपोर्टही चांगला. पण घरचे त्यांना उठू देत नव्हते. पाण्याची पाळी धरायची नाही, वैरण कापायची नाही. “काय बी करू नका, नुसतं बसून ऱ्हावा,” एवढेच ऐकायचे. सकाळी रस्त्याने फिरायला निघावे, तर पारावरची माणसे बोलता बोलता गप्प व्हायची. मग त्यांनीच बाहेर पडणे सोडले. वजन वाढले, रक्तदाब जडला आणि एके दिवशी छातीत कळ आली. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचले. “डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, काही नाही,” असे म्हणून ते उठले.

त्या ‘काही नाही’वरच आज आम्हाला लिहायचे आहे.

आधी मागचे थोडे आठवू. भारतात हा विषाणू पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने झालेल्या तपासणीत सापडला. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षे फार वाईट गेली. औषधे होती, पण ती मोठ्या शहरात आणि पैसेवाल्याला. खेड्यातला माणूस वाळत जायचा आणि जायचा. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोजक्या रुग्णालयांत या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे जिल्ह्याजिल्ह्यात एआरटी केंद्रे झाली. २०१७ पासून पेशींचा आकडा किती खाली आला याची वाट न बघता, निदान होताच गोळ्या सुरू करण्याचे धोरण आले. रोज नेमाने गोळी घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि असा माणूस शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला तो देत नाही. ज्यांच्या तिरडीची तयारी घरच्यांनी मनात केली होती, ती माणसे आज नातवंडे खेळवीत आहेत. ही लहान गोष्ट नाही.

पण माणूस जगला म्हणजे त्याचे वय होणार आणि वयाबरोबरची दुखणीही येणार. त्यात हृदयाचे दुखणे पहिले. एचआयव्ही असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो, असे जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१८ साली मांडले गेले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण मुळासकट जात नाही. राखेखाली निखारा राहावा तशी शरीरात थोडी धग राहते. त्या धगीने रक्तवाहिन्यांच्या आतल्या अंगाला सूज येते आणि तिथे चरबी धरू लागते. आपल्या कारखान्यात इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून खार बसतो, तो ठरल्या वेळी साफ केला नाही तर रस आटेनासा होतो, हे सभासदांना ठाऊक आहे. हृदयाच्या नळ्यांचे दुखणे याच जातीचे. फरक एवढाच की तिथे गाळप बंद ठेवून साफसफाई करायची सोय नाही.

शिवाय जुन्या काळच्या काही गोळ्यांनी रक्तातली चरबी आणि साखर वाढायची. नव्या गोळ्या पुष्कळ चांगल्या आहेत, पण त्यांवर काहींचे वजन वाढते. वर तंबाखू, मिश्री, विडी आणि जेवणात पापड-लोणचे. असे सगळे मिळून हृदयावर येते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, गोळीत खंड पडू द्यायचा नाही. रिपोर्ट चांगला आला की काही जण म्हणतात, आता चार महिने बंद ठेवून बघू. हा प्रयोग जगात करून झाला आहे. साडेपाच हजारांच्या आसपास रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २००६ साली आला. गोळ्या मधूनमधून थांबवणाऱ्यांत मृत्यू तर वाढलेच, शिवाय हृदयाची दुखणीही वाढली. म्हणजे हृदयासाठी सुद्धा पहिले औषध तीच रोजची गोळी.

दुसरी गोष्ट चालण्याची, आणि तीच आपल्याकडे उलटी समजली गेली आहे. ‘हा रोग म्हणजे अशक्तपणा, अशक्ताला विश्रांती’ हा हिशेब माणूस वाळत जात होता त्या दिवसांचा. तो आज चालत नाही. एचआयव्ही असलेल्यांच्या व्यायामाचे निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासून पाहिले गेले आहेत. व्यायामाने विषाणू वाढत नाही, पेशीही कमी होत नाहीत. उलट दम वाढतो, हातापायांत बळ येते, मन हलके होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात एचआयव्ही असलेल्यांचा वेगळा विचार केला आणि त्यांनाही इतरांसारखेच सांगितले: आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम चालीचा व्यायाम आणि दोन दिवस तरी ताकदीचा.

दीडशे मिनिटे म्हणजे फार नाही. रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. चाल कशी असावी? सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, अशी. बरेच दिवस बसून असलेल्याने एकदम अर्धा तास काढू नये. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग पाच-पाच मिनिटे वाढवीत जावे. ताकदीच्या व्यायामाला तालमीत जावे लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसावे, भिंतीला हात लावून जोर काढावेत, पाण्याने भरलेली कळशी बेताने उचलावी. आश्विन पौर्णिमेला सोलापूरच्या रस्त्याने लोक तुळजापूरला पायी येतात, ते आपण दर वर्षी बघतो. चालणे आपल्या मुलखाला शिकवायला नको. पण वर्षातून एकदा आईसाठी चाललो म्हणून बाकीचे दिवस पानटपरीलाही मोटारसायकल काढायची, हे हृदयाला चालत नाही. पूर्वी मोटार चालू करायला रात्री विहिरीवर जावे लागे, आता घरबसल्या फोनवरून मोटार चालू होते. सोय झाली, पण ते चालणे गेले. ही गोष्ट एचआयव्ही नसलेल्या सभासदांनाही तितकीच लागू आहे.

सबुरी कुणी धरावी तेही सांगतो. ताप आहे, क्षयरोगाचा उपचार नुकताच सुरू झाला आहे, रक्त फार कमी आहे किंवा छातीचे दुखणे आधीपासून आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. चालताना छातीवर दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घाम सुटून गुदमरले, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

तिसरी गोष्ट तपासणीची. वर्षातून एकदा तरी रक्तदाब, साखर आणि चरबी बघून घ्यावी. २०२३ साली एक मोठा निकाल जाहीर झाला. चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या, हृदयाचा धोका फारसा न दिसणाऱ्या ७,७६९ एचआयव्ही रुग्णांवर झालेल्या या चाचणीत आपल्या देशातलेही रुग्ण होते. चरबी कमी करणारी पिटाव्हास्टॅटिन नावाची गोळी रोज घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना सुमारे पस्तीस टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना या प्रकारच्या गोळीविषयी आपणहून विचारावे. मनाने मात्र दुकानातून घेऊ नये. या जातीच्या काही गोळ्यांचे एचआयव्हीच्या काही औषधांशी पटत नाही. मधुमेहाच्या गोळीचेही तसेच. कधी कधी तिचा डोस बदलावा लागतो. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी आपल्या सगळ्या गोळ्या दाखवा, लपवू नका.

आता ऊसतोड मजुरांविषयी. कुणी विचारील, व्यायामाने हृदय सुधारते तर कोयत्यावरच्या माणसाला काय कमी? पहाटे अंधारात फडात जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचे. आमचे उत्तर असे की हा व्यायाम नव्हे, ही झीज आहे. व्यायाम म्हणजे बेताचे कष्ट आणि पाठोपाठ पुरती विश्रांती. पुरेशी झोप नाही, वेळेवर पाणी नाही, तर त्या कष्टाने हृदयाला बळ येईल अशी आशा करू नये. कोयत्यावरच्या माणसाला चालायचा उपदेश करणे ही थट्टा होईल. त्याला हवी आहे झोप, पिण्याचे पाणी आणि गोळीत खंड न पडण्याची सोय. आपल्या धाराशिव आणि बीडकडची माणसे पाच-सहा महिने मुलूख सोडून जातात. गोळ्या संपल्या आणि नव्या ठिकाणी विचारायची लाज वाटली की तिथेच खंड पडतो. निघण्याआधी एआरटी केंद्राला सांगितले, तर प्रकृती स्थिर असलेल्यांना एका वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, किंवा दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रावर व्यवस्था होऊ शकते. हे मुकादमाला सांगण्याची गरज नाही. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते.

शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा गावाचा आहे. चालणे फुकट आहे असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ते फुकट नाही. रस्त्याने चालायला गावाची संमती लागते. ज्याला बघून पार गप्प होतो, तो माणूस घरात बसणारच, आणि बसला की त्याचे हृदय खचणारच. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील हासेगाव इथे रवी बापटले यांनी २००७ साली ‘सेवालय’ सुरू केले, एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी. त्या काळी या मुलांना शाळेत बसू देण्यावरूनही वाद झाला होता. तीच मुले पुढे गावोगावच्या रंगमंचावर गाऊ-नाचू लागली. कोंडून ठेवले असते तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार करावा. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने हा विषाणू लागत नाही. हे सांगून सांगून जिभेला घट्टे पडले, तरी पारावर अजून पोचलेले दिसत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कामावर घेण्यासाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही, त्यावरून कामावरून काढता येत नाही आणि माणसाच्या संमतीवाचून त्याची ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही. कायदा माणसाचे काम आणि नाव राखील. त्याला सकाळी ‘चला येता का’ म्हणून हाक मारणे कायद्याच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.

संचालक मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. एक, प्रत्येक गट कार्यालयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि महिन्यातून एक दिवस साखर तपासावी. दोन, हंगामात मजुरांच्या तळावर आरोग्य शिबिर घ्यावे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी पहाटेच भरलेली असावी. तीन, कारखान्याचे आवार सकाळी तासभर सभासद व कामगारांना चालण्यासाठी खुले करावे. मात्र यातले काहीही ‘एचआयव्हीवाल्यांसाठी’ म्हणून करू नये. वेगळी रांग लावली की तिथे कुणी उभे राहणार नाही. सगळ्यांसाठी करावे, म्हणजे ज्याला गरज आहे तो चारचौघांत मिसळून येईल आणि कुणाला काही सांगावे लागणार नाही.

सुरुवातीला सांगितलेले ते सभासद आता डॉक्टरांच्या सल्ल्याने चालतात. अजून पहाटे, अंधारात, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. पुढच्या हंगामापर्यंत ते उजेडात चालताना दिसावेत आणि पारावरच्या दोघांनी तरी उठून त्यांच्याबरोबर निघावे, एवढीच आमची विनंती आहे.



संपादक मंडळ